मुद्रांक, चहा आणि बंड : अमेरिकन वसाहतींच्या करविरोधी लढ्याचा वर्गीय अर्थ

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शाळेच्या इतिहासात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची हकिगत दोन-तीन वाक्यांत उरकलेली असते. इंग्लंडने चहावर कर बसविला, बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला, युद्ध पेटले आणि वसाहती जिंकल्या. यातले एकही वाक्य खोटे नाही. परंतु ते वाचून जो पहिला प्रश्न मनात उभा राहावयास हवा, तो विद्यार्थ्याच्या मनात उभाच राहत नाही. ज्या करांपायी ही माणसे जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याविरुद्ध शस्त्र हाती घ्यावयास तयार झाली, ते कर खरोखरच इतके जबर होते काय?

नव्हते. खुद्द ब्रिटनमधील सामान्य माणूस अमेरिकेतील वसाहतवाल्याच्या कितीतरी पट अधिक कर भरत होता. मीठ, साबण, मेणबत्त्या, बिअर, घराच्या खिडक्या, सगळ्यांवर तेथे कर होता. १७६३ साली सफरचंदाच्या दारूवर नवा कर आला तेव्हा इंग्लंडच्या पश्चिमेकडील परगण्यांत दंगे झाले आणि तीन वर्षांत सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. त्या मानाने अमेरिकेतला शेतकरी सुखी होता. मुद्रांक कायद्यापासून सर्व वसाहतींतून मिळून वर्षाला अपेक्षित उत्पन्न होते सुमारे ६० हजार पौंड. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तो एका दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहावयाचा आहे.

तेव्हा कराच्या बोज्याने कंबर मोडली म्हणून बंड झाले, ही सोपी उपपत्ती येथे लागू पडत नाही. कर कोण बसवितो, कोणासाठी बसवितो, तो वसूल करणारी यंत्रणा कोणती आणि तो कोणत्या घडीला येतो, हे पाहिल्याशिवाय या बंडाचे कोडे उलगडत नाही.

प्रारंभ करावयाचा तो कर्जापासून. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनने फ्रान्सला कॅनडातून आणि बऱ्याच अंशी हिंदुस्थानातूनही हुसकावले. विजय मोठा होता आणि बिलही मोठे होते. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होते, ते तेरा कोटींच्या आसपास गेले. तिजोरीच्या वार्षिक उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग नुसत्या व्याजात जाऊ लागला. हे व्याज कोणाला मिळत होते? लंडनमधील सावकारांना, बँकवाल्यांना, रोखे बाळगणाऱ्या धनिकांना. शिवाय जिंकलेल्या मुलखाच्या रक्षणासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवण्याचे ठरले. त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा? पार्लमेंटमध्ये बसलेल्या जमीनदारांना आपल्या जमिनीवरचा कर कमी करून हवा होता. म्हणून पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांची नजर समुद्रापलीकडे वळली.

या ठिकाणी थोडे पुढे जाऊन एक गोष्ट सांगते, कारण तिच्यात सगळा मामला उघडा पडतो. १७६७ च्या फेब्रुवारीत पार्लमेंटने मंत्रिमंडळाचा विरोध डावलून जमिनीवरचा कर पौंडामागे चार शिलिंगांवरून तीन शिलिंगांवर आणला. जमीनदारांनी आपल्या मतांनी आपल्याच खिशात घातलेली ही रक्कम सुमारे ५ लाख पौंड होती. त्याच वर्षी अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी अमेरिकेवर काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवरील जकाती लादल्या. त्यांतून अपेक्षित उत्पन्न होते ४० हजार पौंडांच्या आसपास. पाच लाखांचे भोक चाळीस हजारांनी बुजत नसते, हे टाउनशेंडना कळत नव्हते असे नाही. या जकातींचा खरा हेतू निराळा होता आणि तो कायद्यातच लिहिलेला होता. त्याकडे मी येतेच.

पहिला घाव पडला तो मळीवर. साखर कारखान्यांच्या मुलखातील कॉम्रेड्सना मळी म्हणजे काय आणि तिच्यापासून काय तयार होते हे समजावून सांगण्याची गरज नाही. मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंडच्या भट्ट्यांत कॅरिबियन बेटांवरील मळीपासून रम गाळली जाई. तीतील काही रम मासेमारीच्या गलबतांवर जाई, काही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या बदल्यात दिली जाई. १७३३ च्या कायद्याने परदेशी मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात होती, पण ती कोणी भरत नसे. जकातीच्या अंमलदाराच्या हातावर थोडेबहुत ठेवले की माल सुटे. साऱ्या वसाहतींतून जकातीचे वार्षिक उत्पन्न दोन हजार पौंडांच्या आसपास आणि ती गोळा करण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट, असा तो कारभार होता. १७६४ साली ग्रेनव्हिल यांनी जकात सहा पेन्सांवरून तीन पेन्सांवर आणली.

म्हणजे कर निम्मा झाला, आणि असंतोष मात्र भडकला! यात गूढ काही नाही. पूर्वीचा कर कागदावर होता, हा प्रत्यक्ष वसूल व्हावयाचा होता. आरमाराची जहाजे पहाऱ्यावर बसली. पकडलेल्या मालाचे खटले हॅलिफॅक्सच्या नाविक न्यायालयात चालविण्याची तरतूद झाली. बोस्टनहून शेकडो मैल दूर असलेल्या त्या न्यायालयात ज्यूरी नव्हती आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर होती. जप्त मालाच्या किमतीतला तिसरा हिस्सा गव्हर्नरला आणि तिसरा हिस्सा पकडणाऱ्याला मिळे. जप्तीतच ज्याचा नफा, त्या अंमलदाराला कोणते जहाज स्वच्छ दिसेल? त्याच वर्षी आणखी एका कायद्याने वसाहतींना कागदी चलन कायदेशीर देणे म्हणून काढण्यास मनाई करण्यात आली. युद्ध संपल्यामुळे लष्करी खरेदी थांबली होती, बंदरांतून मंदी होती, खलाशी आणि कारागीर बेकार हिंडत होते. अशा घडीला नाण्यांचा दुष्काळ आणि जकातीचा फास असे दोन्ही एकदम आले.

त्यानंतर आला मुद्रांक कायदा. २२ मार्च १७६५ रोजी तो संमत झाला आणि १ नोव्हेंबरपासून अमलात यावयाचा होता. हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याच्या बाजूने २०५ आणि विरुद्ध ४९ मते पडली. मुद्रांक म्हणजे काय हे, आपण इंदूरला असू, बडोद्याला असू की हैदराबादला, भाड्याची पावती आणि कोर्टाचा कागद यांमुळे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण या कायद्याची जाळी फार बारीक विणलेली होती. खरेदीखत, मृत्युपत्र, कोर्टातला प्रत्येक कागद, दारूच्या दुकानाचा परवाना, वर्तमानपत्र, त्यातील प्रत्येक जाहिरात, पंचांग, पदवीचे प्रमाणपत्र, पत्त्यांचा जोड, एवढेच काय, खेळण्याचे फासेसुद्धा! आणि हा कर भरावयाचा तो इंग्लिश नाण्यात.

कायदा करणाऱ्यांची येथे एक घोडचूक झाली. एखाद्या देशातील वकील, छापखानेवाले, वर्तमानपत्रकार, व्यापारी आणि दारूचे गुत्तेवाले या सर्वांवर एकाच दिवशी कर बसविणे, म्हणजे ज्यांना बोलता येते, लिहिता येते आणि माणसे जमविता येतात त्या सर्वांना एकाच दिवशी शत्रू करणे. बोस्टनमध्ये ज्या नऊ जणांच्या छोट्या गटाने पहिला कट रचला, त्यात गाळपवाले होते, कारागीर-दुकानदार होते, आणि 'बोस्टन गॅझेट'चे मुद्रक बेंजामिन ईड्स होते. पण रस्त्यावरची माणसे त्यांची नव्हती. ती माणसे एबेनेझर मॅकिंटॉश नावाच्या गरीब चर्मकाराची होती.

१४ ऑगस्ट १७६५ च्या सकाळी बोस्टनच्या दक्षिण भागातील एका मोठ्या एल्म वृक्षावर अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा टांगलेला दिसला. ऑलिव्हर हे मुद्रांकवाटपाचे नियोजित अधिकारी. संध्याकाळी मॅकिंटॉशच्या नेतृत्वाखाली हजारोंच्या जमावाने पुतळ्याची प्रेतयात्रा काढली, ऑलिव्हर यांची नवी इमारत पाडली आणि पुतळा जाळला. दुसऱ्या दिवशी ऑलिव्हर यांनी राजीनामा कबूल केला. येथपर्यंत पडद्याआडचे सूत्रधार खूष होते. परंतु बारा दिवसांनी, २६ ऑगस्टच्या रात्री, जमाव ऑलिव्हर यांचे साडू थॉमस हचिन्सन यांच्या हवेलीकडे वळला. हे गृहस्थ उपगव्हर्नर होते आणि त्याच वेळी मुख्य न्यायाधीशही होते. जमावाने पहाटेपर्यंत हवेलीचे नुसते सांगाडे शिल्लक ठेवले. चांदीची भांडी गेली, तळघरातले मद्य गेले, भिंतींचे लाकडी नक्षीकाम उखडले गेले, आणि हचिन्सन लिहीत असलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाची हस्तलिखित पाने चिखलात विखुरली. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे त्या पानांबद्दल वाचताना जीव हळहळतो हे कबूल करते. पण त्या रात्रीचा राग केवळ मुद्रांकावरचा नव्हता, हे स्पष्ट आहे. एकाच घराण्यात साठलेली पदे आणि एकाच हवेलीत साठलेली संपत्ती बोस्टनचा कारागीर वर्षानुवर्षे पाहत होता. कराने त्या रागाला तोंड फोडले इतकेच. दुसऱ्या दिवशी शहरातील प्रतिष्ठितांनी, ज्यांत मुद्रांक कायद्याचे विरोधकही होते, सभा घेऊन दंग्याचा निषेध केला. करविरोध हवा, पण हवेल्यांना हात नको! या दोन आठवड्यांत पुढील सगळ्या क्रांतीचा अंतर्विरोध बीजरूपाने दिसतो.

१ नोव्हेंबर उजाडला तेव्हा मुद्रांक विकावयास माणूसच उरला नव्हता. जॉर्जियाचा किरकोळ अपवाद सोडला तर एकामागून एक वाटपाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले होते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र जमले. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल न मागविण्याचे करार केले. त्याची झळ लागताच ब्रिटनमधील व्यापारी आणि कारखानदारच पार्लमेंटच्या दाराशी गेले आणि १८ मार्च १७६६ रोजी कायदा रद्द झाला. मात्र त्याच दिवशी दुसरा कायदा संमत झाला : वसाहतींना बंधनकारक कायदे करण्याचा पार्लमेंटला सर्व बाबतींत पूर्ण अधिकार आहे. याचा नमुना होता १७२० साली आयर्लंडसाठी केलेला कायदा. अमेरिकेत घंटानाद चालू होता, तेव्हा फार थोड्यांनी तो दुसरा कागद नीट वाचला.

'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' ही घोषणा या लढ्यातली. भाषांतराच्या कामामुळे मला शब्दांकडे जरा थांबून पाहण्याची खोड लागली आहे. संस्कृतात आणि मराठीत 'कर' म्हणजे हातही आणि सरकारचे देणेही. खिशात शिरणारा हात कोणाचा, हाच तर त्या घोषणेतला प्रश्न होता. लंडनचे उत्तर असे होते की, पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांनाही स्वतंत्र सभासद नाहीत, ती शहरे तक्रार करतात काय? वस्तुस्थिती खरी होती. ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकाडाला दोन सभासद होते आणि बर्मिंगहॅमला एकही नव्हता. पण या युक्तिवादाने अमेरिकेचे समाधान झाले नाही, आणि मँचेस्टर-बर्मिंगहॅमच्या लोकांना मात्र आपल्यालाही सभासद नाहीत याची आठवण झाली. ते त्यांना १८३२ साली मिळाले.

आता टाउनशेंड यांच्या जकातींचा हेतू. त्यांतून जमणाऱ्या पैशातून वसाहतींच्या गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार द्यावयाचे होते. तोवर हे पगार वसाहतींची विधिमंडळे मंजूर करीत आणि गव्हर्नर फारच ताठ वागू लागला तर पगार अडवून ठेवीत. ती दोरी कापून टाकणे हा या जकातींचा खरा अर्थ. कॉम्रेड्स, लोकांकडून वसूल केलेल्या पैशातून लोकांना जबाबदार नसणारी नोकरशाही पोसावयाची, ही कल्पना आपल्या देशाला चांगलीच परिचित आहे. अमेरिकेतील जनतेने तिचा वास फार लवकर ओळखला.

बहिष्कार पुन्हा सुरू झाला आणि या वेळी तो घराघरात शिरला. ब्रिटिश कापड नको म्हणून स्त्रिया गावोगाव एकत्र बसून सूत कातू लागल्या. स्वदेशीचा चरखा आपण पाहिलेला आहे, म्हणून हे दृश्य आपल्याला ओळखीचे वाटेल. १७७४ च्या ऑक्टोबरात नॉर्थ कॅरोलायनातील ईडंटन गावच्या ५१ स्त्रियांनी बहिष्काराच्या प्रतिज्ञेवर स्वतःच्या नावाने सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची कुचेष्टा करणारे व्यंगचित्र निघाले. ज्यांना ना पार्लमेंटमध्ये मत होते ना स्वतःच्या विधिमंडळात, त्या सह्या करीत होत्या. घोषणा मात्र प्रतिनिधित्वाची होती!

बोस्टनमध्ये जकात मंडळाच्या संरक्षणासाठी १ ऑक्टोबर १७६८ रोजी सैन्य उतरले. ५ मार्च १७७० च्या रात्री सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि पाच जण मेले. त्यांत क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकन व मूलनिवासी वंशाचा खलाशी होता. ही ठिणगी कोठे पडली हे पाहण्यासारखे आहे. तुटपुंज्या पगाराचे सैनिक सुटीच्या वेळात कमी मजुरीवर काम शोधीत आणि शहरातील मजुरांचा रोजगार मारला जाई. २ मार्च रोजी जॉन ग्रे यांच्या दोरखंड वळण्याच्या कारखान्यात काम मागावयास आलेला एक सैनिक आणि तेथील कामगार यांची जुंपली, आणि तेथून तीन दिवस मारामाऱ्या चालल्या होत्या. साम्राज्याचे सैन्य शहरात येते तेव्हा ते केवळ बंदूक घेऊन येत नाही, ते मजुरीचा दरही खाली आणते. योगायोग असा की, ज्या दिवशी बोस्टनमध्ये रक्त सांडले, त्याच दिवशी लंडनमध्ये लॉर्ड नॉर्थ यांनी टाउनशेंड जकाती रद्द करण्याचा ठराव मांडला. फक्त चहावरची पौंडी तीन पेन्स जकात तेवढी, तत्त्वासाठी म्हणून, ठेवण्यात आली.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १२ ऑगस्ट १७६५ रोजी अलाहाबाद येथे मोगल बादशहा शाह आलम याने बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. बोस्टनच्या झाडावर ऑलिव्हरचा पुतळा चढला तो दोन दिवसांनी. क्लाइव्हने कंपनीच्या संचालकांना कळविलेला हिशेब असा होता की, सर्व खर्च वजा जाता या दिवाणीतून वर्षाला साडेसोळा लाख पौंडांचा निव्वळ लाभ होईल. आता मघाचा ६० हजारांचा आकडा याच्या शेजारी ठेवा. मुद्रांकाविरुद्ध नऊ वसाहतींची परिषद भरली. बंगालच्या रयतेला ना परिषद होती, ना वर्तमानपत्र, ना ज्यूरी, आणि तिच्या बाजूने पार्लमेंटच्या दाराशी जाणारा कोणी व्यापारीही नव्हता.

१७६७ पासून कंपनी या लुटीतून ब्रिटिश सरकारला दरसाल ४ लाख पौंड देऊ लागली. १७६९-७० साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्ज याने १७७२ साली संचालकांना लिहिले की, लोकसंख्येचा निदान तिसरा हिस्सा नष्ट झाला. आणि तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा अधिक आहे. ती वसुली जुलमाने टिकवून धरली गेली, हेही त्याने लपविले नाही. तरीसुद्धा लष्करी खर्च, अधिकाऱ्यांची खासगी लूट आणि भागधारकांना वाटलेला फुगीर लाभांश यांनी कंपनी १७७२ मध्ये दिवाळ्याच्या काठाशी आली. लंडनच्या वखारींत तिचा सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. सरकारने तिला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले आणि मे १७७३ मध्ये चहाचा कायदा केला. कंपनीने ब्रिटनमध्ये भरलेली जकात परत मिळावयाची आणि तिने निवडलेल्या मोजक्या आडत्यांमार्फत चहा सरळ अमेरिकेत विकावयाचा. तीन पेन्सांची जकात मात्र कायम. (हा चहा चीनचा, कँटनहून आलेला. आसामचे मळे अजून साठ-सत्तर वर्षे दूर होते.)

पुन्हा तेच! चहा महाग नव्हे तर स्वस्त होणार होता, चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त. चोरटा चहा विकणाऱ्या व्यापाऱ्यांचे त्यात नुकसान होते, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. त्यांतले पुष्कळ जण देशभक्तांच्या पहिल्या रांगेत होते. पण केवळ त्यांच्या थैलीसाठी हजारो माणसे थंडीत सभागृहात बसत नाहीत. एका मक्तेदार कंपनीला बाजार आंदण दिला जात आहे, आज चहा गेला तर उद्या दुसरे काही, हे सामान्य दुकानदारालाही दिसत होते. फिलाडेल्फियाचे जॉन डिकिन्सन यांनी 'रस्टिकस' या टोपणनावाने १७७३ साली काढलेल्या पत्रकात तर थेट हिंदुस्थानचा दाखला दिला : आशियात या कंपनीने धान्याची मक्तेदारी करून लोकांना उपाशी मारले, तीच आता आपल्याकडे वळली आहे. बंगालच्या मृतांची आठवण अमेरिकेच्या किनाऱ्यावर अशी पोहोचली होती. तिचा उपयोग डिकिन्सन यांनी आपल्या लोकांना सावध करण्यासाठी केला, बंगालच्या सुटकेसाठी नव्हे, हेही नोंदवून ठेवू या.

१६ डिसेंबर १७७३ च्या संध्याकाळी बोस्टनच्या ओल्ड साउथ सभागृहात आणि भोवताली सुमारे पाच हजार माणसे जमली होती. कायद्याप्रमाणे वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होऊन उतरविला जाणार, ती मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. जहाजे चहासकट परत पाठविण्याचा परवाना हचिन्सन यांनी नाकारला. आता ते गव्हर्नर होते आणि त्यांचे दोन मुलगे चहाच्या आडत्यांमध्ये होते! परवाना नाकारल्याची बातमी सभागृहात येताच मूलनिवासींचे सोंग घेतलेल्या टोळ्या धक्क्यावर गेल्या आणि तीन तासांत तीन जहाजांवरील ३४२ पेट्या फोडून चहा बंदरात ओतला. त्याची किंमत सुमारे साडेनऊ हजार पौंड. दुसऱ्या कशालाही हात लावला गेला नाही. चहा खिशात भरणाऱ्यांना तेथेच चोप मिळाला.

पार्लमेंटने उत्तर दिले ते बंदर बंद करून आणि मॅसॅच्युसेट्सचे विधिमंडळ व गावसभा यांचे हक्क आवळून. येथवर करांचा प्रश्न मुख्यतः बंदरांचा होता. आता तो शेतकऱ्यांचा झाला. गावसभा हीच त्यांची राजकीय शाळा होती. न्यायाधीश आणि ज्यूरी सरकार नेमणार म्हटल्यावर आपली जमीन सावकाराच्या हाती जावयास कितीसा वेळ लागेल, हे ते जाणत होते. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वूस्टर गावी साडेचार हजारांहून अधिक शेतकरी आपापल्या गावच्या मिलिशियाच्या तुकड्यांनी आले. त्यांनी न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली आणि न्यायाधीशांना हातात टोप्या घेऊन दुतर्फा उभ्या असलेल्या रांगांमधून चालावयास लावले. आपण या कायद्याखाली काम करणार नाही असे दर थोड्या अंतरावर त्यांना वाचून दाखवावे लागले. गोळी एकही सुटली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली, तेव्हा बोस्टनबाहेरच्या मॅसॅच्युसेट्समध्ये राजाची सत्ता केव्हाच संपलेली होती. माझ्या मते या क्रांतीतला हा सर्वांत तेजस्वी दिवस आहे आणि पाठ्यपुस्तकांत तो सापडत नाही.

दक्षिणेकडे गणित निराळे होते. व्हर्जिनियातील तंबाखूचे मळेवाले लंडन व ग्लासगोच्या व्यापाऱ्यांच्या कर्जात बुडालेले होते. १७६३ च्या राजाज्ञेने ॲपलेशियन पर्वतापलीकडे वसाहत करण्यास बंदी झाली, त्यामुळे जमिनीच्या सट्ट्यात पैसा गुंतविणाऱ्या वॉशिंग्टनसारख्यांचे हात बांधले गेले. स्वातंत्र्याच्या भाषेमागे मूलनिवासींच्या जमिनीची भूक होती. आणि गुलामगिरी? १७७५ साली सॅम्युएल जॉन्सन यांनी वसाहतवाल्यांना डिवचले की, स्वातंत्र्याचा आक्रोश सर्वांत मोठ्याने करणारे हे गुलामांचेच मालक कसे? जॉन्सन सरकारी पेन्शन खात होते, तरी प्रश्न खोटा ठरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने बंडखोरांच्या जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील त्यांना मुक्ती देण्याचे जाहीर केले. त्याला गुलामांची कणव नव्हती, पण शेकडो गुलाम जीव धोक्यात घालून त्याच्याकडे गेले. स्वातंत्र्य कोणत्या बाजूला आहे याचा निर्णय त्यांनी आपल्या पायांनी दिला.

करविरोध सगळीकडे राजाविरुद्धच होता असेही नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या अंतर्भागातील शेतकऱ्यांनी 'रेग्युलेटर' या नावाने संघटना केली ती डोईपट्टी, लाचखाऊ शेरीफ आणि गव्हर्नर ट्रायनच्या राजवाड्यासाठी बसविलेला कर यांविरुद्ध. हे कर त्यांच्याच विधिमंडळाने मंजूर केलेले होते. १६ मे १७७१ रोजी ॲलमान्स येथे ट्रायनच्या मिलिशियाने त्यांचा पराभव केला आणि नंतर सहा जणांना हिल्सबरो येथे फाशी दिले. ज्या प्रतिष्ठितांनी मुद्रांक कायद्याविरुद्ध आवाज उठविला होता, त्यांच्यापैकी अनेक जण त्या दिवशी ट्रायनच्या बाजूला होते.

युद्धाची हकिगत सांगण्यात वेळ घालवीत नाही. फक्त एवढेच की, जानेवारी १७७६ मध्ये ज्या टॉम पेनच्या पुस्तिकेने राजसत्तेवरची श्रद्धाच उडविली, तो इंग्लंडमध्ये अबकारी खात्याचा बडतर्फ अंमलदार होता. कर गोळा करणाराच कराच्या राज्याचा शत्रू झाला! १७७८ साली पार्लमेंटने उत्पन्नासाठी वसाहतींवर कर बसविण्याचा हक्क सोडला. तेव्हा फार उशीर झाला होता आणि फ्रान्स युद्धात उतरत होता. फ्रेंचांचा वकील सें ल्युबँ १७७७ मध्येच पुण्याला नाना फडणविसांकडे येऊन बसला होता आणि मुंबईकर इंग्रजांची झोप त्याने उडविली होती. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास उतरला आणि १७९३ मध्ये त्याने बंगालवर कायमधारा लादला.

आणि अमेरिकेत? मॅसॅच्युसेट्सच्या नव्या सरकारने युद्धकाळातले कर्जरोखे फेडण्यासाठी कर वाढविले. ते रोखे सट्टेबाजांनी गरजू सैनिकांकडून मातीमोलाने विकत घेतलेले होते. कर भरावयाचा तो पुन्हा नाण्यात. १७८६ मध्ये त्याच पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी पुन्हा न्यायालये बंद पाडली. डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन त्यांचा एक पुढारी. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफा चालल्या आणि चार जण मेले. सॅम्युएल ॲडम्स, ज्यांनी बोस्टनच्या जमावाला वीस वर्षे चेतविले, ते आता बंडखोरांना फाशी द्यावे म्हणत होते. राजाविरुद्ध बंड क्षम्य, प्रजासत्ताकाविरुद्ध नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १७९१ मध्ये हॅमिल्टनने व्हिस्कीवर अबकारी कर बसविला आणि १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडील शेतकऱ्यांनी तो नाकारला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सुमारे तेरा हजार सैन्य जमवून त्यांच्यावर चाल केली.

'टी पार्टी' हे नाव मात्र त्या वेळी नव्हतेच. कित्येक वर्षे लोक त्या घटनेला 'चहाचा नाश' एवढेच म्हणत. ते नाव १८३० च्या दशकात रूढ झाले, जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ज ह्यूज या म्हाताऱ्या जोडे शिवणाऱ्याच्या आठवणी छापल्या गेल्या तेव्हा. ह्यूज त्या रात्री जहाजावर होता. तरुणपणी एकदा तो बोस्टनचा धनाढ्य व्यापारी जॉन हँकॉक याच्या हवेलीत गेला होता, तेव्हा संकोचाने त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. हँकॉकने त्याच्या हातावर एक नाणे ठेवले होते. म्हातारपणी ह्यूज सांगे की, चहाच्या पेट्या फोडताना हँकॉक माझ्या शेजारी उभा होता. हँकॉक तेथे असण्याचा संभव फार थोडा. पण साठ वर्षे ह्यूजने ती रात्र तशीच मनात जपली. क्रांतीनंतरही तो गरीबच राहिला आणि १८४० साली वारला.

प्रश्नांसाठी वेळ ठेवावयास हवा, म्हणून येथे थांबते.